डाव्या हाताचं कुंकू

लिहिण्यात चुका सापडतील, त्या पोटात घालाव्यात. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळलं नाही, आणि अक्षर असं की दुधाची चिठ्ठी लिहिली तर दूधवाला म्हणतो, "ताई, तोंडानेच सांगत जा." मुलीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण डोक्यावरचा भार उतरला, तो कसा उतरला ते एकदा लिहून टाकावंसं वाटलं.

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांचं मंडळ आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं यावर दरवर्षी वाद होतो. गाळणी झाली, डब्या झाल्या, रुमाल झाले. मी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही, चहाचे कप गोळा करते. त्या वर्षी मात्र बोलले.

झालं असं की मी ज्या काकांकडे पोळ्या करायला जाते, ते बँकेतून रिटायर झालेले, एकटेच राहतात आणि जुन्या मराठी पिक्चरचे वेडे आहेत. त्यांच्यासारखे आणखी काही जण आहेत, महिन्यातून एकदा काकांकडे जमून पिक्चर बघतात, मग तासभर भांडतात. एकदा काका म्हणाले की एका कंपनीने एक जुना पिक्चर डिस्कवर काढलाय, ऐंशी रुपयाला एक. नाव ऐकलं आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. माझ्या लहानपणचा पिक्चर! त्यात हळदीकुंकवाचा मोठा प्रसंग आहे, सगळ्या आळीतल्या बायका जमतात. संक्रांतीला यापेक्षा चांगलं वाण कुठलं?

मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. बायकांना आवडलं. तेव्हा घरोघरी प्लेअर होते. मंडळाने पन्नास डिस्कचे चार हजार माझ्या हातात दिले, काकांनी कंपनीतून खोका मागवून दिला.

संक्रांतीच्या आधी एक डिस्क फोडून सोसायटीच्या ऑफिसातल्या टीव्हीवर लावली. बायका पापड-कुरडया घेऊन बसल्या. निम्मा पिक्चर मजेत गेला. मग तो हळदीकुंकवाचा प्रसंग आला आणि आमची खजिनदारीण ओरडली, "अगं बाई! डाव्या हाताने कुंकू लावते ही!"

"आणि पदर बघ, उजव्या खांद्यावर," दुसरी म्हणाली. "आत्ता तर मराठी होती, लगेच गुजराती झाली?"

सगळ्या हसल्या. खजिनदारीण नाही हसली. "हसताय काय? हे सवाष्णींना वाण म्हणून द्यायचं? डुप्लिकेट माल उचललास गं तू. मंडळाचे पैसे आहेत, परत आण."

खरं सांगायचं तर मला त्या प्रसंगात काही चुकलेलं दिसतच नव्हतं. उलट पिक्चर सुरू झाल्यापासून मला काहीतरी खटकत होतं, आणि हा प्रसंग आल्यावर वाटलं, हं, आता बरोबर.

याचं कारण माझा डावा हात. मी डावखुरी. लहानपणी जेवायला डावा हात पुढे केला की आई मनगटावर उलथनं मारायची. शाळेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात कोंबली, तेव्हापासून अक्षर असं झालं ते झालंच. आमच्या चाळीत सत्यनारायणाच्या पूजेला अंधार पडला की पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. मशीनवाला दरवर्षी हाच पिक्चर आणायचा, कारण त्याच्याकडे तोच स्वस्तातला होता. त्यातली नायिका सगळं डाव्या हाताने करायची. वाढायची डाव्या हाताने, कुंकू लावायची डाव्या हाताने, आणि कोणी तिला मारत नव्हतं. मी आईला म्हटलं होतं, "ती बघ ना, ती पण डावरी आहे." आई म्हणाली, "पिक्चरमधल्या बाईचं चालतं. तुला पिक्चरमध्ये जायचंय का?" आईने काही पिक्चर पाहिला नव्हता, ती त्या दिवशी शिऱ्याच्या पातेल्यापाशी असायची.

मंडळाला वाण तर द्यायलाच हवं होतं. मी बँकेतून चार हजार काढले, बाजारातून स्टीलच्या वाट्या आणून दिल्या आणि खोका पलंगाखाली सरकवला. ते पैसे मुलीच्या नर्सिंगच्या फीचे होते. दुसरा हप्ता मार्चअखेर भरायचा होता, नाहीतर परीक्षेला बसू देणार नव्हते. नवऱ्याला सांगितलं नाही. तो ओरडला नसता, पण गप्प बसला असता, आणि ते मला सोसत नाही.

काकांना मात्र सांगावं लागलं, कारण पोळ्या लाटता लाटता मी रडत होते. काका तर खूशच झाले.

"म्हणजे तुमच्याही लक्षात आलं? अहो ताई, तुमचा खोका आल्यावर आम्ही आमची डिस्क बघितली, तेव्हापासून महिनाभर त्या कंपनीशी भांडतोय! बदलून मिळाल्यावरच तुम्हाला सांगणार होतो. त्यांनी डिस्क बनवताना एक रीळ उलटं लावलंय. पंधरा मिनिटं सगळं डावीकडचं उजवीकडे. नायकाच्या शर्टाचा खिसा बघितलात? दारातली तुळस बघितलीत?"

मी मान हलवली. मला ना खिसा दिसला होता ना तुळस.

"ते म्हणतात, तुमच्या चार म्हाताऱ्यांशिवाय कोणाची तक्रार नाही. आता तुम्ही चला. पन्नास डिस्क घेतलेलं गिऱ्हाईक! बदलून नाही, पैसेच परत मागू तुमचे."

त्यांचं भांडण म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं. रोज एकाने कंपनीत फोन करायचा, वार वाटून घेतलेले. एकाने फेसबुकवर नायिकेचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एकात पदर डावीकडे, एकात उजवीकडे. मरोळच्या गावठाणातली एक ख्रिस्ती बाई होती, साठीची, तिने तर शुक्रवारी फोन करून ऑपरेटर मुलीशी इतकी ओळख वाढवली होती की ती मुलगी म्हणायची, "आंटी, साहेब जेवायला गेलेत असं सांगायला सांगितलंय."

काका, ती मरोळची बाई आणि मी, असे तिघं मेट्रोने अंधेरीला गेलो. कंपनी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खाली प्रेसचा खडखडाट, वर काचेचं दार लावलेलं ऑफिस. साहेब तिशीतला होता, बोलायला गोड. पाणी दिलं. मग काकांचं सगळं ऐकून म्हणाला, "काका, तुमचा अभ्यास आहे, मान्य. पण जुना पिक्चर आहे, तेव्हा असंच शूटिंग करत असतील. आम्हाला प्रिंट मिळाली तशी आम्ही काढली." आणि एकदम माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही पन्नास घेतल्यात ना? हा पिक्चर आधी बघितलाय?"

"हो. लहानपणी. दरवर्षी."

"मग तुम्ही सांगा. कुंकवाचा सीन चुकीचा आहे?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण जे डोळ्यांसमोर होतं तेच बाहेर आलं. "नाही साहेब. तो भाग बरोबर आहे. बाकीचा सगळा पिक्चर उलटा आहे."

काकांनी डोळे मिटून घेतले. साहेब हसला. "घ्या! तुमचीच बाई सांगतेय सीन बरोबर आहे. आता काय सगळा पिक्चर फिरवू?"

आम्ही बाहेर आलो. काका माझ्या पुढे जिना उतरू लागले. मला फक्त फीची तारीख दिसत होती. ती मरोळची बाई पायरीवर बसली, मलाही बसवलं आणि म्हणाली, "रडू नको गो. तू खोटं बोलणारी नाहीस. एक सांग, पिक्चर बघायला तू बसायची कुठे?"

"आमच्या उंबऱ्यावर."

"आणि पडदा?"

"पडदा आमच्या दारासमोरच बांधायचे. मशीन पलीकडे, पाहुणे, वर्गणी देणारेही तिकडच्या बाजूला बसायचे. आमची खोली इकडे, पडद्याच्या पाठीमागे. आम्ही मागून बघायचो."

ती अशी हसली की खालच्या प्रेसवाल्यांनी वर पाहिलं. "मागून! अगो बाय, आख्खा पिक्चर तू उलटा बघितलास! नावं कशी दिसायची तुला सुरुवातीची?"

"उलटी," मी म्हटलं. नावं उलटी दिसतात हे आम्हा सगळ्या पोरांना माहीत होतं. वाचता येत नाही म्हणून आम्ही तेवढा वेळ शेंगा खायचो. पण अक्षरं उलटी असतात तशी माणसंही उलटी असणार, हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

काका दोन पायऱ्या खाली थांबले होते. ते वळले. "थांबा, थांबा. म्हणजे यांनी सगळा पिक्चर उलटा पाहिला. आणि डिस्कवर एवढाच भाग यांना बरोबर वाटतोय. मग एवढाच भाग उलटा आहे! याहून पुरावा काय पाहिजे? ताई, वर चला."

"तुम्हीच सांगा ना काका."

"माझं तो ऐकत नाही. तुमचं त्याने ऐकलंय."

मी वर गेले. साहेब फोनवर होता, त्याने हाताने थांबायला सांगितलं. मी काचेच्या दाराशी आतच उभी राहिले. दारावर कंपनीचं नाव रंगवलेलं होतं आणि आतून ते उलटं दिसत होतं. त्याचा फोन संपल्यावर मी तिकडे बोट केलं.

"साहेब, हे नाव बाहेरून सरळ आहे, इथून उलटं. मी पिक्चर इथून बघितला. पडद्याच्या मागून. म्हणून मला उलटं तेच सरळ वाटलं. मघाशी मी चुकीचं बोलले."

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खुर्चीत मागे रेलून तोही हसला, पण या वेळी वेगळा. "मावशी, माझी आजीपण लालबागला पडद्यामागे बसायची," तो म्हणाला. "मला हे सुचायला पाहिजे होतं. बघतो. मूळ प्रिंट मागवतो."

बघतो म्हणणारे खूप असतात. काकांच्या मंडळींनी फोन थांबवले नाहीत, उलट शुक्रवारबरोबर मंगळवारही मरोळच्या बाईने घेतला. फेब्रुवारी गेला. मी रोज पोळ्या करताना काकांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि ते मान हलवायचे. मुलगी विचारायची, "आई, फी भरलीस का?" मी म्हणायचे, "भरते गं, घाई काय."

मार्च लागल्यावर एक दिवस काकांनी दार उघडतानाच हात जोडले. रीळ उलटं लागलं होतं हे कंपनीने कबूल केलं. डिस्क पुन्हा नीट काढणार होते. ज्यांना बदलून हवी त्यांना बदलून, ज्यांना नको त्यांचे पैसे परत, पण डिस्क जमा केली तरच.

मी पलंगाखालून खोका ओढला. पन्नासावी, आम्ही फोडलेली, घरच्या टीव्हीजवळ होती. ती ठेवून घ्यावी असं फार वाटलं. ऐंशी रुपयांचाच प्रश्न होता. दुपारी घरात कोणी नव्हतं, ती लावली आणि फक्त कुंकवाचा प्रसंग बघितला. तिचा डावा हात करंड्यात जातो, डावं बोट कपाळाला टेकतं. मग डिस्क काढली, पुसली आणि खोक्यात टाकली. फी पूर्ण भरायची होती.

नवी डिस्क काकांकडे सगळ्यांनी मिळून बघितली. मलाही बसवलं, खुर्चीवर. नायिकेने उजव्या हाताने कुंकू लावलं आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मरोळच्या बाईने माझ्या डाव्या हातावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "हिच्यापेक्षा तुझीच बरी होती गो." मला हसू आलं. रडू आलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

पैसे थेट खात्यात येणार होते. फी भरायला चार दिवस उरले तेव्हा मी काकांकडे कणीक मळत होते आणि फोनवर मेसेज वाजला. दोन्ही हात पिठात.

"काका, जरा बघता का?"

काकांनी चष्मा लावला. मी हात तसेच वर धरून उभी.

"कंपनीकडूनच आहेत, ताई."

"काही कापलं का त्यांनी? त्या फोडलेल्या डिस्कचं?"

"नाही हो. चार हजार. पूर्ण."