पोळपाटावरचा पाळणा

अमेरिकेतल्या स्टुडिओंशी पटलं नाही म्हणून एल्डन वीस वर्षांपूर्वी जपानमधल्या कावासाकीत आले आणि तिथल्या रिवाजाने एल्डनसान झाले. गाणी लिहायची, त्यांना वाद्यं जोडायची, रेकॉर्ड करायची, हे सगळं ते लोकांच्या घरी जाऊन करत.

शेजारच्या सुलेखाताईंना नवऱ्याच्या ऑपरेशनमुळे नातीच्या बारशाला पुण्याला जाता येत नव्हतं. आईकडून शिकलेला पाळणा निदान आपल्या आवाजात तरी पोचावा, एवढीच त्यांची इच्छा. पण माइक समोर आला की त्या पहिल्याच ओळीला थांबायच्या. तीनदा तसंच झालं.

"राहू द्या. तुमचं रोजचं काम करा," एल्डनसान म्हणाले.

त्या पोळ्या लाटू लागल्या आणि तिसऱ्या पोळीला गाणं आपसूक ओठांवर आलं. माइक चालूच होता.

"लाटण्याची खडखड तेवढी काढा हं," नंतर रेकॉर्डिंग ऐकताना त्या संकोचून म्हणाल्या.

"मी जोडलेली गिटारच काढून टाकलीय, सुलेखासान. खडखड राहणार."

बारशाला पाळणा त्याच ठेक्यावर हलला.