मंगल कार्यालयातला वायरमन

प्रोग्रामरांची परिषद आम्ही स्वयंसेवकच भरवतो. त्या वर्षी समितीनं माझं व्याख्यान नाकारलं, जागेची घासाघीस करायला मात्र मीच लागलो. धायरीचं एक मंगल कार्यालय स्वस्तात ठरवलं. सकाळी कार्यशाळेत दीडशे लॅपटॉप एकदम लागले आणि वीज गेली. कार्यशाळा बुडाली असती तर खापर माझ्यावरच फुटलं असतं. मी तिथल्या म्हाताऱ्या वायरमनवर ओरडलो.

त्यांनी कानामागचा टेस्टर काढला. "अहो, एकेका प्लगवर सहा-सहा जण? हा लग्नाचा हॉल आहे."

बाहेरच्या रोषणाईची लाइन त्यांनी आत ओढली आणि निम्मे लॅपटॉप तिच्यावर घेतले. मग मेन स्विचशेजारी खुर्ची टाकून बसले. अधूनमधून वायर तापली का, ते उलट्या हातानं पाहायचे. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "मी उठलो की कुणीतरी विजेची शेगडी लावणार. आपण जेवा."

पुन्हा वीज गेली नाही. संध्याकाळी शेवटचा लॅपटॉप मिटल्यावर मी त्यांच्यासाठी ताट नेलं. "सकाळी ओरडलो, मनावर घेऊ नका."

"छे. वीज गेली की मुलीचा बाप असाच ओरडतो," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली.