लेईने रेषेवरून काढलेला बॉल

बचाव फळीत खेळणाऱ्या मुलाच्या आईला स्टेडियममध्ये जेवढ्या शिव्या बसतात, तेवढ्या एखाद्या चोराच्या आईलाही बसत नसतील. गोल करणाऱ्याच्या आईला निदान अधूनमधून कोणी म्हणतं, काय पोरगा आहे! माझा लेई मधला बचावपटू. त्याचं काम चांगलं झालं म्हणजे काहीही घडत नाही, आणि काही न घडण्याला टाळ्या कोण वाजवणार? पाय एकदा घसरला की मात्र अख्खी गॅलरी माझ्या नावाने उभी राहते. मी शाळेत भूगोल शिकवते, नवऱ्याशिवाय कोणाच्या अध्यात-मध्यात नसते, पण आमच्या दालियान बंदरात निम्म्या पुरुषांनी मला ओळख नसताना शिवी दिलेली आहे.

त्याला या धंद्यात ढकललं लुआनने. लुआन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, देशानचा, जहाज कारखान्यातला जुना सोबती. आमच्याच जिन्यात चौथ्या मजल्यावर राहतो. कारखान्याच्या मैदानावर तो पोरांना फुटबॉल शिकवायचा. शिकवायचा म्हणजे गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीने पोटऱ्या फोडून काढायचा. एके दिवशी आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, “वहिनी, हा पोरगा उंच आहे आणि मार खाऊन रडत नाही. मागे उभा करायला असाच लागतो.”

“त्याचं गणित चांगलं आहे,” मी म्हणाले.

“उत्तम! मग बॉल कुठल्या कोनातून येतो ते त्याला कळेल.”

देशान दात काढून हसला. माझ्या मुलाचं आयुष्य त्या हसण्यात ठरलं. मला विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही. मी दार आपटून स्वयंपाकघरात गेले, तेवढीच माझी हरकत नोंदवली गेली.

लेई मोठा झाला, आमच्या शहराच्या क्लबात शिरला. तेव्हा नियम असा निघाला होता की प्रत्येक संघाने तेविशीच्या आतला एक खेळाडू सुरुवातीला मैदानात उतरवलाच पाहिजे. तरुणांना संधी मिळावी म्हणे! आमचा कोच लेईला उतरवायचा, पाव तास झाला की नियम पाळून झाला म्हणून बाहेर बोलवायचा आणि खरा बचावपटू आत पाठवायचा. लेई घाम यायच्या आत बाकावर बसलेला असे. गॅलरीतून हाका यायच्या, “ए पावतास! आईने दूध गरम केलंय, घरी जा!” लुआनही त्यात असायचा. त्याचं म्हणणं, पोराने तेवढ्या वेळात काहीतरी करून दाखवावं. पाव तासात बचावपटूने काय करून दाखवायचं? समोरच्याचा पाय मोडायचा?

चोविसावं लागलं आणि लेई नियमातून बाहेर पडला. क्लबाने त्याला फोन करून एवढंच सांगितलं की सरावाला आला नाहीस तरी चालेल. मग तो दूर दक्षिणेच्या हुनान प्रांतातल्या एका लहानशा शहराच्या क्लबात गेला. तिथे सगळ्यात मिरची, समुद्र नाही, उन्हाळा कढईसारखा. पण तिथे त्याला अख्खा सामना खेळू देत. तिथे तो कप्तान झाला. दर फोनवर मात्र शेवटी हेच विचारायचा, “आई, आपल्याकडे मागच्या फळीत कोणाला घेणार आहेत का, काही ऐकलंस?” एकतिशीला आलेला माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि मागणं एवढंच की शेवटची दोन वर्षं स्वतःच्या गावात, आमच्या क्लबाच्या निळ्या शर्टात, पूर्ण नव्वद मिनिटं खेळू द्या.

गेल्या वर्षी शेवटच्या सामन्याला त्याचा हुनानचा संघ आमच्याकडे आला. आमचा क्लब जिंकला तर दुसऱ्या विभागात टिकणार, नाहीतर खाली तिसऱ्यात. हुनानवाल्यांना त्या सामन्यातून ना काही मिळायचं होतं, ना त्यांचं काही जायचं होतं.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात लुआन लाकडी खोका घेऊन आला. आत वाळवलेल्या समुद्रकाकड्या, नाव काकडीचं पण समुद्रातला महागडा जीव, मोठ्या, काटेरी, लग्नात देतात तसल्या.

“देशान, पोराला कोणी हरायला सांगत नाही,” तो म्हणाला. “पण माणसाचं पोट आहे. सामन्याच्या दिवशी बिघडू शकतं.”

“भाऊजी, हा गुन्हा आहे,” मी म्हणाले. “जन्माची बंदी येते, तुरुंगात जातात माणसं.”

“पोट बिघडण्यावर कुठे बंदी आहे, वहिनी? आणि ऐका. आपला मॅनेजर बोलला माझ्याशी. पुढच्या वर्षी मागे उंच माणूस हवाच आहे. क्लब टिकला तर.”

आमच्याकडे भेट घेताना ढकलाढकली करावीच लागते. पाहुण्याने खोका पुढे सरकवायचा, आपण मागे, तोंडाने नको नको. काम करायचं नसेल तर दुसऱ्या दिवशी तो खोका आणि वर आपली एक वस्तू घेऊन पाहुण्याचं घर गाठायचं, म्हणजे कोणाची लाज जात नाही. देशानने ढकलाढकली केली. लुआन खोका चपलांपाशी ठेवून गेला. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर या माणसाने समुद्रकाकड्या थर्मासमध्ये भिजत घातलेल्या!

“परत द्यायच्या होत्या ना?”

“खराब झाल्या असत्या.”

वाळलेली समुद्रकाकडी दहा वर्षं खराब होत नाही हे दालियानमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण एकदा पाण्यात पडून फुगली की ती कोणाला परत करता येत नाही. लुआनच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत या माणसात तीस वर्षांत आली नव्हती, आणि हो म्हणायचीही नव्हती. म्हणून त्याने थर्मासकडून हो म्हणवून घेतलं. जिन्यात लुआन भेटला तर मला म्हणाला, “फुगल्या का छान?” खोका परत गेला नव्हता. त्याला उत्तर मिळालेलंच होतं.

सामन्याच्या आदल्या दुपारी आम्ही लेईच्या हॉटेलात गेलो. खेळाडूंना बाहेर सोडत नव्हते, म्हणून खालच्या दिवाणखान्यात बसलो. मी सुरमईचं सारण भरलेली डंपलिंगं नेली होती. देशानने दुसरा डबा काढला, कांद्याच्या पातीत परतलेल्या समुद्रकाकड्यांचा.

लेई चॉपस्टिक्स घेऊन थांबला. “या कुठून आल्या?”

“बाजारातून,” देशान म्हणाला.

लेईने माझ्याकडे पाहिलं.

“लुआन काकाकडून,” मी सांगितलं. “तुझं उद्या पोट बिघडावं म्हणून.”

लेईने डब्यातली एक काकडी उचलून बघितली, परत ठेवली. “तीन दिवस तरी भिजल्यात. म्हणजे तीन दिवसांपूर्वी तुम्ही हो म्हणालात, बाबा.”

“मी एका शब्दाने हो म्हणालो नाही!”

“बाबा, काकडी भिजली.”

देशान लालबुंद झाला. “तुला घरी यायचंय ना? तोंडाने बोल! सात वर्षं आईच्या कानाशी भुणभुण करतोस.”

“यायचंय.”

“मग?”

“मग काय? तुम्ही माझं काय करून ठेवलंय ते ऐका. मी आमच्या कोचला सांगितलं तर पोलीस लुआन काकांच्या दारात जातील. नाही सांगितलं आणि उद्या खरोखरच माझा पाय घसरला, तरी लोक म्हणतील विकला गेला. खेळाडूचा पाय घसरतो, बाबा. दर सामन्यात घसरतो. उद्या मात्र मला चुकून चालणार नाही.”

त्याने सगळी डंपलिंगं संपवली. दुसरा डबा झाकण लावून बापाच्या हातात दिला. घरी येऊन देशानने त्या काकड्या एकट्याने खाल्ल्या. मला ते चावणं ऐकवत नव्हतं.

सामन्याला आमची तिकिटं लुआनच्या टोळक्यातच होती. मी जाणार नव्हते, पण देशानला त्या लोकांत एकटा सोडायचा तर अजून काय कबूल करून बसेल याचा नेम नव्हता. लेई मैदानात उतरला तसा लुआनने देशानकडे बघून भुवई उडवली.

“पोट बरं दिसतंय त्याचं.”

देशान शेंगदाणे सोलत राहिला.

लेईने पहिल्या अर्ध्यात आमच्या नऊ नंबरला बॉलचा वाससुद्धा घेऊ दिला नाही. गॅलरी तापायला लागली. “घरभेद्या! कोणाचं मीठ खाल्लंस?” “याच्या आईने याला मिरच्यांवर वाढवलाय!” त्याची आई इथेच बसली आहे हे चार रांगांना माहीत होतं, म्हणूनच ओरडत होते. लुआन मात्र शांत. “दम धरा,” तो पोरांना म्हणाला, “पोट दुखायला वेळ लागतो.”

दुसऱ्या अर्ध्यातही गोल नाही. शेवटाला आमच्या क्लबाला कॉर्नर मिळाला. हुनानचा गोलकीपर पुढे धावून चुकला, आमच्या क्लबातल्या एका उंच पोराने डोकं लावलं आणि बॉल रिकाम्या गोलाकडे निघाला, सावकाश, दोन टप्पे घेत. लेई बराच लांब होता. मी त्याची आई. माझ्या मनात तेव्हा एकच आलं, तू लांब आहेस, कोणी तुला काही म्हणणार नाही, राहू दे. तो धावला. गुडघ्यांच्या पट्ट्यांसकट गवतावर पडला, घसरत गेला आणि रेषेवरून बॉल पायाच्या बोटांनी उकरून बाहेर काढला.

सगळं स्टेडियम गोल म्हणून उभं राहिलं. रेफ्रीने नाही म्हणून मान हलवली. त्या पातळीवर व्हिडिओ बघून निकाल द्यायची सोय नव्हती. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली आणि आमचा क्लब खाली गेला.

लुआन देशानकडे वळला. “माझा माल खाल्लास तू!”

“मी खाल्ला,” देशान म्हणाला. “त्याने तोंडसुद्धा लावलं नाही.”

मला त्या घटकेला नवऱ्याचा राग जरा कमी आला. जरासाच.

सामना संपला की खेळाडू आपल्या लोकांच्या गॅलरीसमोर जाऊन वाकून नमस्कार करतात. ज्याचं गाव असेल त्याने यजमानांच्या गॅलरीसमोरही जायची रीत आहे. हुनानचे दोघे लेईची बाही धरून त्याला ओढत होते, जाऊ नको म्हणून. तो बाही सोडवून आला. आमच्यासमोर उभा राहून कंबरेत वाकला. बाटल्या सुरू झाल्या. तो वाकलेलाच. एक भरलेली बाटली कपाळावर बसली तेव्हा सरळ झाला, आणि रक्त पुसत खेळाडूंच्या बोगद्यात गेला. ती बाटली लुआनने फेकली. दुसरी उचलली तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. अजून डाग असेल.

नंतर आमच्या दारावर लाल रंगाने गद्दार लिहिलं गेलं. मासेवाली मला बघून फडकं मासळीवर ओढायची. टीव्हीवर त्या क्षणाला थांबवलेल्या चित्राची छापील प्रत शाळेतल्या शिपायानेही खिशात बाळगली होती. त्यात बॉल आत आहे असं तो शपथेवर सांगे, आणि मला तरी त्यात गवताचा हिरवा चिखल सोडून काही दिसलं नाही. आमच्या क्लबाच्या मॅनेजरने लेईला निरोप धाडला की मी या खुर्चीत असेपर्यंत तू निळ्या शर्टाला हात लावणार नाहीस. लेईने हुनानमध्ये आणखी एका वर्षाची सही केली. त्यानंतर गुडघे फार तर एक वर्ष साथ देतील, हे त्याला कळतं.

वसंतोत्सवाला, आमच्या नव्या वर्षाला, तो घरी आला. पहिल्या सकाळी वडीलधाऱ्यांच्या दारी जायचं असतं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडेही जा, चौथ्या मजल्यावर जाऊ नकोस. तो गेला. मी मागोमाग गेले आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभी राहिले, पुन्हा बाटली आली तर असावं कोणी.

“कोण?” आतून लुआनचा आवाज.

“लेई. नवं वर्ष सुखाचं जावो, काका.”

आतला टीव्ही बारीक झाला. दार उघडलं नाही.

“बॉल आत होता.”

“नव्हता, काका.”

“अख्खं शहर म्हणतं आत होता!”

“शहर गॅलरीत होतं. मी रेषेवर होतो.”

आत सपाता घासत दाराशी आल्या. मग लुआन दाराच्या अगदी जवळून बोलला, आवाज उतरलेला. “पूर्ण नव्हता गेला?”

“एवढा बाहेर होता.” लेईने बंद दाराला दोन बोटं धरून अंतर दाखवलं.

“माझी शपथ घे.”

“तुमची शपथ, काका.”

साखळी खुळखुळली. म्हातारा साखळी काढतोय की लावतोय ते मला कळेना. “टाके पडले का?” त्याने विचारलं.

“पडले.”

“जा आता. पुन्हा येऊ नकोस.”

लेई खाली आला. मी जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात लुआनचा उद्धार सुरू केला, शिट्टीच्या दोरीपासून. लेईने दंडाला धरून मला घरात ओढलं. “आई, पुरे. त्यांना पटलंय.”

“मग दार का नाही उघडलं?”

“पटलं म्हणूनच नाही उघडलं.”

सण संपायच्या आत तो परत गेला. लुआन आता जिन्यात दिसला की मान खाली घालून भिंतीकडून जातो. मी मुद्दाम मधोमध चालते. गावात अजून म्हणतात, बॉल आत होता. नव्हता. ज्याला शंका असेल त्याने आमच्या दारावरचा रंग नीट बघून यावं, घंटी वाजवावी, मी उघडेन.