न खेळणाऱ्याचे गुण

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पानांवर बायको गॅसची टाकी कधी लावली ते लिहिते आणि मी भारताच्या फुटबॉल संघाचा जागतिक क्रमांक लिहितो. यादी वर्षातून काही वेळा बदलते. दर वेळी मी चष्मा लावून ती बघतो, कोपऱ्यात आकडा टिपतो आणि माझं त्या दिवसाचं तोंड कडू होतं. बायको म्हणते, "तुम्हाला कोणी सांगितलंय हे दुखणं घ्यायला?" कोणीच नाही. नांदेडला कॉलेजात असताना होस्टेलमागच्या बाभळीच्या काट्यांच्या मैदानात आम्ही सात-सात जण खेळायचो, कारण अकरा कधी जमलेच नाहीत. तेव्हापासूनचं आहे हे.

मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवतो. लातुरात क्लासचा मास्तर म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. गावोगावची पोरं इथे येतात, डॉक्टर व्हायला. माझी पुतणीही तशीच आली. दहावी झाल्यावर माझा थोरला भाऊ तिला लोह्याहून घेऊन आला. त्याचं लोह्यात कापडाचं दुकान आहे. तिची बॅग आमच्या दारात ठेवून तो म्हणाला, "तुझ्या घरी ऱ्हाईल तर मला काय चिंता न्हाई." चहा पिऊन तो परतीच्या एसटीला गेला. ते वाक्य मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

पोरगी हुशार होती. गप्प होती, पण विचारायची ते नेमकं विचारायची. एकदा जेवताना तिचं लक्ष कॅलेंडरवरच्या माझ्या आकड्याकडे गेलं. "काका, हे ठरवतं कोण? कसं काढतात?" मला इतकंच हवं होतं. भाकरी बाजूला सरकवून मी ताटाशेजारीच वही उघडली.

तिला सांगितलं, प्रत्येक देशाच्या नावावर काही गुण असतात. सामन्याआधी दोघांच्या गुणांतला फरक बघायचा, त्यावरून कोणाकडून किती अपेक्षा ते ठरतं. दोघे सारखे असले तर अपेक्षा अर्धी-अर्धी. एकजण सहाशे गुणांनी वर असला तर अपेक्षेच्या अकरा भागांतले दहा त्याचे. मग निकाल बघायचा. जिंकलं तर एक, बरोबरी झाली तर अर्धा, हरलं तर शून्य. निकालातून अपेक्षा वजा करायची आणि उरेल त्याला सामन्याच्या वजनाने गुणायचं. मैत्रीचा सामना असेल तर वजन पाच किंवा दहा, पात्रता फेरीचा असेल तर पंचवीस, विश्वचषकाचा असेल तर पन्नास, आणि तिथेही शेवटच्या फेऱ्यांना साठ. येईल तो आकडा जुन्या गुणांत मिळवायचा, उणे आला तर कापायचा. एकाचे जितके वाढतात तितके सहसा दुसऱ्याचे जातात.

तिने वहीवर थोडं करून बघितलं. "म्हणजे वरच्यानं खालच्याला हरवलं तर काहीच मिळत न्हाई. आणि खालच्याकडून हरला की लई जातंय."

"बरोबर."

"मग जो खेळलाच न्हाई, त्याचं काय होतंय?"

"काही नाही. आहे तिथेच राहतो," मी म्हणालो. वर मास्तरकी दाखवायची म्हणून हेही सांगितलं, की पूर्वी सरासरी काढायचे, तेव्हा काही देश मुद्दाम मैत्रीचे सामने टाळायचे, कारण त्या सामन्यांमुळे सरासरी खाली यायची. आता तसं होत नाही. पण आताही न खेळणाऱ्याचे गुण कोणी कापत नाही. ती "हं" म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

ती बारावीला गेली त्या वर्षी आमच्या क्लासमध्ये कटकट सुरू झाली. दर रविवारी परीक्षा, सोमवारी भिंतीवर यादी, आणि यादीवरून बॅच. पहिल्या बॅचला जुने, नावाजलेले सर शिकवायचे, खालच्या बॅचला राहिलेले. एका पेपरला पोराचं डोकं दुखलं की तो दुसऱ्या बॅचमध्ये. पालक येऊन भांडायचे. कोणी म्हणायचं पेपर सोपा होता, कोणी म्हणायचं अवघड होता. संचालकांनी आम्हाला बसवून विचारलं, यावर तोडगा काय? मी हात वर केला. अजून आठवतं, किती उत्साहाने केला होता.

फुटबॉलची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. प्रत्येकाला सुरुवातीला हजार गुण. दर रविवारी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. ज्याला जास्त मार्क, तो जिंकला. धड्याच्या परीक्षेला वजन दहा, अर्ध्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेला पंचवीस, पूर्ण परीक्षेला पन्नास. सोपा पेपर, अवघड पेपर हा वादच मिटला, कारण दोघांना पेपर एकच. संचालक खूश झाले. एकच गोष्ट त्यांनी काढायला लावली. फुटबॉलमध्ये विश्वचषकाच्या बाद फेरीत हरलं तर गुण कापत नाहीत. जो तिथवर पोचला, त्याला पोचल्याची शिक्षा नको, असा त्यातला विचार असावा. संचालक म्हणाले, "सर, हरल्यावर कापलंच पाहिजे, नाहीतर पोरं सिरियस होत नाहीत." मी काढून टाकलं. त्या नियमासाठी मी एक वाक्यसुद्धा भांडलो नाही.

गैरहजर विद्यार्थ्याचं काय करायचं, हे मला कोणी विचारलं नाही. मीही वेगळा विचार केला नाही. शीटमध्ये रकाना रिकामा असला की मागचे गुण पुढे सरकायचे. फुटबॉलमध्ये असंच होतं ना.

पुतणी माझ्याच क्लासला होती, पण दुसऱ्या शाखेत. दिवाळीपर्यंत ती यादीत तिसरी आली. भाऊ दर सोमवारी फोन करायचा. "कितवी?" एवढंच. मी आकडा सांगायचो, तो "बरं" म्हणून फोन ठेवायचा. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचा म्हणे, आमची पोरगी लातुरात तिसरी हाय.

दिवाळीनंतर पूर्ण परीक्षा सुरू झाल्या. पहिल्याच रविवारी यादीतली पहिली मुलगी दोनशे गुणांनी खालच्या मुलाकडून हरली. चौतीस गुण एका दुपारी गेले आणि ती सरळ दुसऱ्या बॅचमध्ये गेली. वरची सगळी पोरं दोन-दोन, चार-चार गुणांच्या अंतराने उभी होती, चौतीस म्हणजे दरीच. ती जिन्यात बसून रडत होती, असं पुतणीने घरी सांगितलं. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे." ताटातून डोकं वर न काढता म्हणालो.

त्यापुढच्या रविवारपासून पुतणी परीक्षेला बसली नाही.

हे मला सात आठवडे कळलं नाही. रविवारी सकाळी ती पाण्याची बाटली, पेन, पॅड घेऊन निघायची. दुपारी यायची. मी विचारायचो, "कसा गेला?" ती म्हणायची, "बरा." वर्गाला रोज जायची, फक्त रविवारी परीक्षेला नाही. गैरहजरीचा मेसेज पालकाच्या नंबरवर जातो, आणि तिच्या अर्जावर नंबर माझा होता. क्लासचे दिवसाला पन्नास मेसेज येतात म्हणून ते मीच बंद करून ठेवले होते. आमच्या क्लासचा मास्तर, आमच्याच क्लासला वैतागलेला. हसू येतं कधी कधी, आणि मग स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भिंतीवरच्या यादीत गुण नसायचे, नुसते क्रमांक. दशांश बघून पालक गोंधळतात, असं संचालकांचं म्हणणं. आणि क्रमांक तर चढत होता. वरची पोरं दर रविवारी पन्नास वजनाच्या परीक्षेला बसत होती, कोणाकडून तरी हरत होती, घसरत होती. ही आपली जागच्या जागी. तिसरीची दुसरी झाली. सातव्या सोमवारी पहिली.

मी पेढे घेऊन घरी गेलो. बायकोने तिच्या तोंडात पेढा घातला. तिने तो चावला, गिळला आणि हात धुवायला उठली. नळ बराच वेळ चालू होता. मी फोनवर भावाला सांगत होतो. तो पहिल्यांदाच "बरं" म्हणून थांबला नाही. म्हणाला, "मास्तर, लई उपकार झाले रे तुझे."

दोन दिवसांनी संचालकांनी पहिल्या आलेल्या मुलीची उत्तरपत्रिका मागवली, नोटीस बोर्डावर लावायला. ती निघेना. शाखेतून शीट मागवलं, उघडलं, आणि तिच्या नावासमोर सात रकाने रिकामे. त्यानंतरचा गुणांचा आकडा सातही वेळा शेवटच्या अंकापर्यंत तोच. हे बघायला गणित येणाराही लागत नाही. संचालक म्हणाले, "आता यादी बदलू नका सर. फ्लेक्स छापायला गेलाय."

घरी येऊन मी विचारलं, रविवारी कुठे जायचीस? ती म्हणाली, बसस्टँडवर. नांदेडच्या फलाटावर बसायची. चाकूर, अहमदपूर, लोहा, अशी पाटी लावलेल्या गाड्या जायच्या. चढली एकदाही नाही.

"अगं पण का?"

"भ्याव वाटत होतं, काका. तुम्हीच म्हणला होता ना, खेळलं न्हाई तर गुण जात न्हाईत."

मी ओरडेन असं तिला वाटलं असावं. मला ओरडता आलं नाही. खरं तर तेव्हाच तिला जवळ घ्यायला हवं होतं, भावाला बोलावून घ्यायला हवं होतं. मी काय केलं, तर वेळापत्रक बनवलं. सात आठवड्यांचा राहिलेला अभ्यास रकान्यांत मांडून भिंतीला चिकटवला. ती पुन्हा परीक्षांना बसली आणि दर वेळी पडत गेली. चौकात मात्र फ्लेक्सवर तिचा फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, आणि ती वर्गाला जायची त्याच रस्त्याने.

मेडिकल प्रवेशाच्या मुख्य परीक्षेच्या दिवशी मी तिला फाटकापर्यंत सोडलं. निकाल लागला तेव्हा तिने स्वतःच मोबाईल माझ्यापुढे धरला. मेडिकलचं नाव काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. भाऊ येऊन तिला घेऊन गेला. परीक्षेच्या दिवशी नशीब फिरलं, असं त्याने धरलं होतं. मीही तसंच धरू दिलं.

वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात मला ते सोसवेना, म्हणून लोह्याला गेलो. दुकानात गल्ल्यामागे तो फ्लेक्स लावलेला आहे, क्लासचं नाव कापून, नुसता तिचा चेहरा आणि त्याखाली 'प्रथम क्रमांक'. भावाला सगळं सांगितलं. जोड्या, वजनं, रिकामे रकाने, बसस्टँड, माझे बंद मेसेज. तो कापडाचा गठ्ठा सोडत होता. तो सोडणं त्याने थांबवलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, तुझ्या घरात होती ना रे ती. मी तेवढ्यासाठीच गेलो होतो.

गठ्ठा सुटल्यावर त्याने फ्लेक्सकडे बघितलं.

"पण पहिली तर आल्ती ना ती? तेवढं तर खरं हाय ना?"

पुतणी दुकानाच्या आतल्या बाजूला साड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले, पण तिने वर बघितलं नाही.

"हाव," मी म्हणालो. "पहिली होती."

ती पुन्हा घड्या घालायला लागली.