बैलावर चढून म्हणायचं गाणं

दुष्काळात पाण्याचा ठणठणाट असतो, पण किश्श्यांचा सुकाळ! हाताला काम नसतं, टँकर वेळेवर येत नाही आणि बसायला सावली एकच. मी तेव्हा दूध संस्थेचा सचिव होतो. आमच्या संस्थेनं नांदूरघाटच्या बाजूला जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. गावातली, वाडीवरची, तांड्यावरची माणसं जनावरं घेऊन तिथंच मुक्कामाला. संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली आमचं टोळकं जमायचं.

म्होरके होते गुरुजी. तांड्यावरचे, बंजारा, पेशानं शाळामास्तर. त्यांच्या डोक्यात एकच खूळ. "आमची गोरबोली म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली, बे! पोरं लग्नात डीजे लावत्यात. ज्या बोलीत नवं गाणं होत न्हाई, ती संपली म्हणून समजा!"

मग त्यांनी नियमच केला. रोज एकानं गाणं म्हणायचं. स्वतः रचलेलं, आपल्या घरच्या बोलीतलं. सिनेमाची चाल बंद! आणि शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे.

*

पहिला नंबर लागला बाबूमामांचा. मामा धनगरवाडीचे, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी आटलेल्या नदीवर असं काही म्हटलं की आमच्या विड्या हातातच विझल्या. पण शेवटच्या ओळीत नाव घातलं एका संताचं!

"मामा, गाणं तुमचं, मग नाव संताचं कावून?"

"संताच्या नावानं लोक हात जोडून ऐकत्यात, गुरुजी. बाबूच्या नावानं कुत्रं तरी थांबंल का?"

सगळे हसले. गुरुजी नाही हसले. त्यांनी मामांना पुन्हा म्हणायला लावलं. मामांनी स्वतःचं नाव घातलं खरं, पण इतकं हळू की ते शेजारी बसलेल्या मलाच काय ते ऐकू आलं.

*

एकदा संस्थेचे चेअरमन पाहणीला आले. गाण्यांचं कळल्यावर त्यांनीही खिशातून गाणं काढलं. संस्थेची प्रगती, शेतकऱ्याचा विकास, सगळं छापील! अर्धं गाणं झाल्यावर गुरुजींनी हात वर केला.

"साहेब, घरी वैनींशी असंच बोलता का?"

चेअरमननी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "घरी मला बोलू कोण देतंय!"

"मग त्याचंच गाणं करा की!"

चेअरमननी ते केलं का, माहीत नाही. पुढच्या पाहणीला मात्र ते टाकीकडं फिरकले नाहीत.

*

गुरुजींच्या बायकोचं नाव सोनाबाई. चार जनावरं होती, त्यांची धार तीच काढायची आणि आमचा चहाही तीच करायची. एकदा मी सहज म्हटलं, "वैनी, तुमीबी म्हणा की एखादं."

"माझं लग्नापासनं तयार हाय," ती म्हणाली.

तांड्याची रीत अशी की नवरी सासरी निघाली की बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करते आणि निरोपाचं गाणं म्हणते. त्याला ढावलो म्हणतात. बैल माहेरचा आणि गाणं तिचं स्वतःचं.

"मग म्हटलं का न्हाई?"

"म्हणणार तर व्हते. बैलावर चढले, तोंड उघडलं, अन् ह्यांनी शहरातनं आणलेला ब्यांड वाजाया लागला!"

सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी टोपी सारखी करत उठले आणि टँकर आला का बघायला गेले. त्या दिवशी टँकर येणारच नव्हता! मी हसलो. सोनाबाई हसत नाही हे नंतर लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

*

गुरुजींची मुलगी अनिता अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. तिचं लग्न ठरलं. गुरुजींनी ढावल्याचा विषय काढला, तर पोरगी फाडकन म्हणाली, "बाबा, हॉस्टेलवर आपली बोली बोलायची मला लाज वाटायची. आता गाणं कुठनं आणू?"

गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. टाकीखाली आले, पण कुणालाच गाणं म्हणायला सांगितलं नाही.

पुढं अनिताच्या वॉर्डात तांड्यावरची एक म्हातारी आली. कुठं दुखतंय ते तिला मराठीत काही केल्या सांगता येईना. अनिता गोरबोलीत बोलली, तशी म्हातारीनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. सुट्टीत घरी आल्यावर पोरीनं आईला विचारलं, "याडी, ढावल्याची सुरुवात कशी करत्यात?"

"सुरुवात रडू आपलं आपण करतंय," सोनाबाई म्हणाली. "तू फकस्त त्याच्या मधी येऊ नको."

*

लग्नाच्या वेळी घरचा बैल छावणीत. कानाला बिल्ला मारलेला. जनावर बाहेर नेलं की त्याचा चारा बंद. मग काय, नवरीची पाठवणी छावणीतूनच करायची ठरली! पाहुणे, वाजंत्री, जीप, सगळं टाकीपाशी आलं.

वाजंत्र्यांना गुरुजींनी स्वतः गप्प बसवलं. अनिता बैलावर उभी राहिली, हात वर केले आणि म्हणू लागली. एव्हाना मला थोडीफार गोरबोली कळत होती. तिनं बापाचा निरोप घेतला, भावाचा घेतला. आटलेल्या विहिरीला, टँकरला, टाकीखालच्या आम्हा रिकामटेकड्यांनाही तिनं गाण्यात घेतलं! शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घातलं, तेही खणखणीत. बाबूमामा पटक्यात तोंड लपवून रडत होते.

गाणं संपलं. जीपचा हॉर्न वाजला. अनिता उतरायला वाकली, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सोनाबाई पुढं आली आणि तिनं बैलाची वेसण धरली.

"उतर, बाई," ती म्हणाली. "अन् जरा थांब. माझं ऱ्हायलंय."

वाजंत्रीवाले गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते. गुरुजींनी टोपी काढून माझ्या हातात दिली, बैलाशेजारी वाकले आणि सोनाबाईला चढायला आपला गुडघा पुढं केला.