रेणूची बांगडी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेपियर टाउनमध्ये दातांच्या डॉक्टरांकडे बसले होते. इंजेक्शननं अर्धा जबडा बधिर. ‘हो, येते’ एवढंही धड बोलता आलं नाही. आता काही आठवडे उलटले, दात केव्हाच बरा झाला, बधिरपणा मात्र उतरत नाही. रडू यायला हवं... येत नाही.

विमलआत्या खमरियाच्या फॅक्टरीत बायकांची झडती घ्यायच्या कामावर होती. ऐन पंचविशीत विधवा झालेली, जिभेची तिखट. दारूगोळा भरतात तिथे धातू न्यायचा नाही, ठिणगी पडली की संपलंच; म्हणून बायका मंगळसूत्र काढून फाटकाजवळच्या खुंटीवर टांगत. पूर्वी त्यांचीही झडती दरवानच घेत. आत्यानं भांडून तिथे पडदा लावून घेतला. “बाईच्या अंगाला बाईच हात लावीन, नाहीतर झडतीच नाही,” हे तिनं साहेबांना तोंडावर सांगितलं होतं.

एकाहत्तरच्या लढाईत काम वाढलं आणि हंगामी भरतीत रेणू आली. काही वर्षांपूर्वी पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली, काकाच्या घरी आश्रयाला. नवरा मागेच राहिलेला, त्याची काही खबर नाही. तिच्या हातात लोखंडाची बांगडी होती. त्यांच्यात नवरा जिवंत असेतो ती उतरवत नाहीत. साहेब म्हणाले, बांगडी काढ, नाहीतर घरी जा. घरी म्हणजे पुन्हा काकूच्या टोमण्यांवर जेवायचं. रेणू फाटकाशीच उभी राहिली.

आत्या बाहेरच बसायची, तिला धातूची बंदी नव्हती. ती म्हणाली, “खूंटी पे मत टाँग. मेरे हाथ में पहना दे. सुहाग हाथ में ही रहेगा ना?”

“लेकिन दीदी, आप तो...”

“हाँ, विधवा हूँ. तुझे चलेगा?”

रेणूनं बराच विचार केला. मग स्वतःच बांगडी काढून आत्याच्या हातात चढवली.

रोज सकाळी हेच, संध्याकाळी परत. कॉलनीत कुजबुज सुरू झाली. आजी चिडली, “विधवेच्या हातात दुसरीचं सौभाग्य! लोक काय बोलून राहिले, ऐकू येते का तुला?”

“लोकांची बोलायचीच ड्यूटी असते, आई.”

त्या वर्षी आमच्या आईला एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. आईला ते फार लागलं. पण तिनं आत्याला कधी बोलून दाखवलं नाही.

लढाई संपल्यावर सरहद्दीपलीकडून निरोप आला. रेणूचा नवरा मारला गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात्यातल्या बायका तिची बांगडी उतरवायला, कुंकू पुसायला जमणार होत्या. रेणू सकाळी नेहमीसारखी कामावर आली. आत्याच्या हातात बांगडी चढवताना तिचा आवाज चोरटा झाला. “शाम को मत लौटाना, दीदी.”

आत्यानं ती परत दिली नाही. संध्याकाळी रेणू कुंकू आपल्या हातानं पुसून घरी गेली. जमलेल्या बायकांना करायला काही उरलं नव्हतं. पुढे हंगामी कामगारांना कमी केलं, आणि रेणू कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. बांगडी आत्याच्या हातातच राहिली.

आत्या गेल्यावर इस्पितळात नर्सनं ती साबण लावून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कपाटात ठेवायला गेले, ठेववेना. शेवटी घातली.

परवा भाजीवालीनं विचारलं, “दीदी, ये लोहे की काहे पहन ली?”

“किसी की है,” मी म्हणाले.