मिलिंददादा आणि अंकुशनगरचा तो पाइप

मिलिंददादा काल सकाळी गेले. आज मी गॅरेज उघडलं.

का उघडलं, माहीत न्हाई. घरी बसून काय करायचं, तेही माहीत न्हाई.

रडू येत न्हाई. फोन येऊन राह्यलेत. "हो, हार्ट अटॅक," म्हणतो आणि ठेवतो.

अंबड रोडवर आम्हा दोघांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज. चौदा वर्षांची पार्टनरशिप. इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचं काम त्यांचं, बाकीचं माझं.

एकदा उसाच्या सीझनमध्ये दादा लग्नाला गेल्ते. एका ट्रकचा टर्बो मीच बसवून दिला. ट्रक अंकुशनगरला कारखान्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी दादा आले. आल्या आल्या विचारलं,

"तेलाचा रिटर्न पाइप कसा नेला?"

"लांब होता. बाजूनं फिरवून नेला."

"मधी झोळ पडला का?"

"पडला थोडा."

टर्बोत तेल प्रेशरनं येतं, पण परत इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं ते फक्त उतारानं. पाइपला झोळ पडला की तेल तुंबतं, सीलमधून गळतं, गाडी निळा धूर सोडते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

दादांनी पान्यांची बॅग उचलली. "चल."

ट्रक कारखान्याच्या लाइनीत उभा होता. ड्रायव्हरला अजून काहीच कळलं नव्हतं.

मी म्हणालो, "मामा, सहज चेक करायला आलो."

दादा मधीच बोलले, "सहज न्हाई. पाइप चुकीचा बसलाय. चूक आमची हाय."

आमची म्हणाले.

गाडीखाली शिरले, पाइप कापून बराबर केला, सरळ खाली उतरवला. तोवर ड्रायव्हरनं मालकाला फोन लावला होता. त्या सीझनला त्या मालकाची एकही गाडी आमच्याकडं आली न्हाई.

येताना बाइकवर मी चिडलो. "सांगायची काय गरज होती? गुपचूप नीट करून आलो अस्तो."

"गाडी तो चालवतो. गाडीला काय झाल्तं, ते त्याला कळाया नको?"

आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो न्हाई. ते रोज माझा चहा माझ्याजवळ आणून ठेवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

मंग कधीतरी बोलणं सुरू झालं. सॉरी मात्र राहिलंच. वेळ मिळाला न्हाई असं बिलकुल न्हाई. वर्षं होती हातात.

आज अकराच्या सुमाराला परतूरहून एक पिकअपवाला आला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"दादा कुठंयत? टर्बो त्यांच्याच हातून बसवायचाय."

"दादा गेले."

"कवा येतील? थांबतो की मी."

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला.

मीपण बसलो.

मिलिंददादा, शेवटचा जय भीम.